शिरोळची हिलमन तू का घेतलीस, हमीद

हमीद, तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझ्या जियारतीला निम्मी मंगळवार पेठ आली होती. छापखान्याच्या ओट्यावर जागा पुरेना म्हणून माणसं समोरच्या गिरणीच्या पायरीवर बसली. जो तो तुझं चांगलंच बोलत होता. हमीदनं कधी कुणाला दुखावलं नाही. हमीदच्या पत्रिकेवरचा गणपती कसा हसरा असायचा. हमीदनं पत्रिका छापली की लग्न नीट पार पडायचं. मी गप्प बसलो होतो. गप्प बसणं मला किती जड जातं हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. पण गेलेल्या माणसाच्या दारात भांडण काढू नये एवढं मलाही कळतं.

आता इथं कुणी नाही. तर ऐक. तुला गाडी निवडता येत नव्हती. तुझ्या तोंडावर हे मी हजारदा बोललोय, त्यामुळे माघारी बोलतोय असं समजू नकोस.

जुनी वस्तू घ्यायची कशी, हे मी रस्त्यावर शिकलो. हातगाडीवर भंगार गोळा करत सुरुवात केली आणि तुझ्या छापखान्यापासून चार दारं सोडून मोटारीच्या जुन्या पार्टचं दुकान काढलं. मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. जुनी गाडी घ्यायची तर आधी कागद बघायचे. मग खाली वाकून चासी बघायची. मग तिचे पार्ट कोल्हापुरात मिळतात का याचा विचार करायचा. बॉडी शेवटी. आणि रंग बघायचाच नाही, कारण आपण रंग बघावा अशीच विकणाऱ्याची इच्छा असते. इतकं सोपं आहे.

तू छपाईच्या ट्रेडल मशीनला एक स्प्रिंग मिळते का बघायला म्हणून पहिल्यांदा माझ्या दुकानात आलास आणि जाताना एक मोडका कार्बोरेटर घेऊन गेलास. कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणालास, देखणा आहे. तो तू छापखान्याच्या टेबलावर ठेवलास, फुलदाणी ठेवावी तसा. तेव्हाच मी सावध व्हायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी तुझा दलाल झालो, तोही फुकट.

आपली रविवारची रीत ठरलेली होती. माझ्या मोटारसायकलवर मागं तू, तुझ्या मांडीवर पान्यांची पिशवी. कुणाच्या शेडमध्ये, कुणाच्या परसात जुनी गाडी पडून आहे असं कळलं की निघायचं. कामंही वाटून घेतली होती. मी गाडीला नावं ठेवायची आणि तू तोंड बंद ठेवायचं. मी टोपी काढून डोकं खाजवलं की तू "चल, न्हाय जमायचं" म्हणून रस्त्याकडे चालू लागायचं. मग विकणारा मागून हाक मारतो आणि भाव उतरतो. म्हशीच्या बाजारात असंच चालतं, गुळाच्या बाजारात असंच चालतं. तुझ्याकडे काम एकच होतं, चालत जायचं. ते तुला एकदाही जमलं नाही. मी टोपी काढायचो तेव्हा तू गाडीखाली असायचास आणि तुझे फक्त पाय दिसायचे. तेही आनंदात हलत असायचे.

कळंब्याला त्या निवृत्त जेलरची छोटी ऑस्टिन बघायला गेलो तेव्हाची गोष्ट विसरलास का? मी पाऊण तास त्या गाडीला सोलून काढलं होतं. जेलर आयुष्यभर दरोडेखोरांना गप्प करत आलेला माणूस, तो माझ्यापुढं नरमत चालला होता. तेवढ्यात तू मागचं दार उघडलंस. सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. तू दार हळूच लावलंस आणि अदबीनं जेलरना विचारलंस, "साहेब, कोंबडी कधी बसलीया?" झालं. जेलरनं ओळखलं की ज्याला कोंबडीची काळजी आहे त्याला गाडी हवीच आहे. भाव जिथं होता तिथं परत गेला, वर दोन पावलं पुढं गेला. आणि तू काय कबूल केलंस? पिल्लं निघेपर्यंत गाडी हलवायची नाही. पिल्लं निघाली त्याच आठवड्यात जेलरचा जावई येऊन गाडी घेऊन गेला. तू हात हलवत परत आलास असंही नाही. दोन पिल्लं घेऊन आलास.

पण ते मी सोडलं. माझं दुखणं डॉक्टरांच्या मायनरचं आहे.

काय गाडी होती ती. एकहाती वापरलेली, कागद स्वच्छ, चासीला कुठं गंजाचा ठिपका नाही. पार्ट माझ्याच दुकानात. डॉक्टर विकायला तयार नव्हते, त्यांच्या बायकोला नवी गाडी हवी होती. मी डॉक्टरांशी बोलतच नव्हतो, बाईंशी बोलत होतो. रविवारमागून रविवार गेलो. खोटा पोटदुखीचा पेशंट होऊन दवाखान्यातही बसलो, कडू औषध प्यालो. शेवटी असा भाव ठरला की मला स्वतःलाच लाज वाटावी. डॉक्टरांना म्हणालो, उद्या माझा मित्र येतो आणि गाडी नेतो, माझा शब्द आहे. भंगारवाल्याचा शब्द एका डॉक्टरनं मानला, हे माझ्यासाठी काय होतं ते तुला कळायला पाहिजे होतं.

तू आलास. बॉनेट उघडून बघितलंस. रंकाळ्यापर्यंत जाऊन आलास. गाडी शिलाई मशीनसारखी चालली. खाली उतरून तू म्हणालास, "चांगली हाय." मुलगी बघायला गेलेली माणसं घरी पोचून कळवतो म्हणतात ना, त्या सुरात. गेटबाहेर आल्यावर मी विचारलं, काय झालं? तू खाली मान घालून म्हणालास, "दत्त्या, हिच्यात काय करायला ऱ्हायलंय? ही तर चालतीया की."

हमीद, गाडी चालते म्हणून नाकारणारा माणूस मी तुझ्याआधी बघितला नव्हता, पुढं बघेन असं वाटत नाही. डॉक्टरांनी त्यानंतर मला कधी ओळख दिली नाही. ती मायनर एका वकिलानं घेतली. आजही ती रोज सकाळी माझ्या दुकानावरून जाते. एकदाही कुरकुरत नाही. वकील मुद्दाम हॉर्न वाजवतो असा माझा संशय आहे.

आणि त्यानंतर महिनाभरात तू शिरोळला लग्नपत्रिका पोचवायला गेलास, आणि परत आलास तो चेहऱ्यावर तेज घेऊन.

शिरोळला पुन्हा तुझ्यासोबत मी आलो, कारण मूर्ख मी आहे. उसाच्या कडेला शेड, शेडमध्ये ती हिलमन. कृष्णेच्या पुराचं पाणी तिच्या दारांवर कुठवर चढलं होतं त्याची मातीची रेघ स्पष्ट दिसत होती. दारं म्हणजे तीन. चौथं शेळ्यांच्या कुडाला फाटक म्हणून लावलेलं होतं. टायर मातीत रुतलेले. तिची मालकीण एक म्हातारी, नवरा जाऊन वर्षं झालेली, सगळं गाव तिला आव्वा म्हणायचं. मी सुरुवात केली. पुराची गाडी, इंजिनात गाळ, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, पार्ट मुंबईतसुद्धा मिळायचे नाहीत. सगळं खरं होतं. नावं ठेवताना खरं बोलायची वेळ माझ्यावर क्वचितच येते. आव्वा चुलीपुढं बसून शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "पावणं, गाडी येवढी वाईट हाय, तर तुमी इतक्या लांबनं आलासा कशाला? कोल्लापुरात वाईट गाड्या मिळत न्हाईत व्हय?"

मी टोपी काढली. डोकं खाजवलं. तू शेडमध्ये स्टीअरिंगवर हात ठेवून डोळे मिटून बसला होतास.

तरीही मी भाव उतरवला, हे लक्षात ठेव. खरा घोळ पुढं झाला. व्यवहार ठरला, आव्वानं आपल्याला जेवायला वाढलं, आणि मग ती आत जाऊन गाडी सुरू करायचा लोखंडी दांडा घेऊन आली. पुढून घालून फिरवायचा तो. मला वाटलं देतेय, मी हात पुढं केला. तिनं तो पदराखाली घेतला.

"गाडी न्या. ह्यो न्हाय मिळायचा. जनावर इकलं तरी दावं घरात ऱ्हातंय."

मी म्हणालो, आव्वा, ही मोटार आहे, म्हैस नाही. दांड्याशिवाय ती सुरू व्हायची कशी? बॅटरी तर कधीच मेलीय.

"मालक रोज सकाळी ह्योच फिरवून तिला उठवत हुतं," आव्वा म्हणाली. "दावं दिलं तर घरात काय ऱ्हायलं?"

मी तोंड उघडणार एवढ्यात तू बोललास. एवढा वेळ गप्प बसलेला माणूस नेमका तिथं बोललास. "बरोबर हाय आव्वा. दावं द्यायचं नसतंयच. ठेवा तुमी." हमीद, तुझ्या सात पिढ्यांत कुणी शेळी पाळली नव्हती. तुला दाव्याचं काय कळत होतं? वर तू तिला शेळ्यांच्या कुडाला लाकडी फाटक करून देण्याचंही कबूल केलंस. पुढच्या रविवारी सुतार घेऊन आपण परत गेलो आणि आधी शेळ्यांची सोय केली, मग मोटारीची.

ट्रॅक्टरला बांधून गाडी आणली. वाटेतल्या प्रत्येक गावात माणसं हसत होती आणि तू स्टीअरिंगवर बसून त्यांना हात करत होतास, निवडून आल्यासारखा.

मग सुरू झाली ती दांड्याची कथा. जुन्या बाजारातला दांडा बसेना. मी लोहाराकडून घडवून घेतला. पहिल्याच फिरवणीत तो उलटा आला आणि माझं मनगट मोडलं. तू प्लास्टर बघायला घरी आलास. मला वाटलं माफी मागशील. तू प्लास्टरवरून हात फिरवत म्हणालास, "इंजनात जीव हाय बग." तेव्हापासून गाडी सुरू करायची म्हणजे गल्लीला हाक मारून ढकलायची. माझ्या थोरलीच्या लग्नात नवरदेव हिलमनमध्येच बसेल असा तू हट्ट धरलास. गाडी देवळाच्या अलीकडं बंद पडली. वरातीनं ढकलली. मुलीचा बाप म्हणून मीही ढकलली, नवीन धोतर नेसून. जावई अजून विचारतो, मामा, तुमच्याकडं लग्नात नवऱ्याची गाडी ढकलायची पद्धत आहे का?

ही गाडी का घेतलीस, हे मी तुला किती वेळा विचारलं असेल. एकदा म्हणालास, तिचे पुढचे दिवे म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांसारखे आहेत. एकदा म्हणालास, हॉर्न गोड आहे. हॉर्न वाजतच नव्हता. एकदा म्हणालास, तू लई नावं ठेवलीस म्हणून घेतली. फक्त एकदा, पावसाळ्यात, पत्र्याखाली बसून चहा पिताना तू सरळ उत्तर दिलंस. "शेट, गाडी बघायला गेल्यावर हात शिवशिवला पायजे. मायनर बघून माझा हात खिशात गेला. हिला बघून पान्याकडं गेला. आणि काय बगायचं असतंय?" मी म्हणालो, असं असेल तर जगातल्या सगळ्या भंगाराला तुझा हात शिवशिवेल. तू म्हणालास, "व्हय की. म्हणून तर तुझ्याशी दोस्ती केली."

यावर मला उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय, पण ते ऐकायला तू नाहीस, आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं ते नाही.

एक गोष्ट मात्र मी कधी बोललो नाही. धाकट्या भावानं दुकानाची वाटणी मागितली तो दिवस. आम्ही रस्त्यावर एकमेकांच्या आई काढत होतो, ती एकच आहे हे विसरून. मी दुकानातली लोखंडी टॉमी उचलली आणि त्याच्या घराकडे निघालो. तू छापखान्याच्या दारात उभा होतास. माझ्या हातातली पहार तू बघितलीस, माझं तोंड बघितलंस आणि म्हणालास, "बरं झालं आणलीस. हितं लागतीया." मला हिलमनखाली घातलंस. एक नट दाखवलास आणि म्हणालास, "घट्ट धर. सोडलास तर सगळं खाली येतंय." मी संध्याकाळपर्यंत तो नट धरून पडलो होतो. तू वरती काहीतरी ठोकत होतास. भावाबद्दल एक शब्द विचारला नाहीस. बाहेर निघालो तेव्हा टॉमी उचलायचीही ताकद हातात उरली नव्हती.

मी पार्टवाला आहे, हमीद. त्या नटानं काहीच धरलेलं नव्हतं, हे मला आठ दिवसांत कळलं. माझा भाऊ आजही सकाळचा चहा माझ्याकडे पितो. तुझ्या जियारतीला तो माझ्याशेजारीच बसला होता.

आता पुढचं सांगतो. तुझा पुतण्या छापखान्यात नवीन ऑफसेट मशीन आणतोय. ते ठेवायला जागा एकच होती, हिलमन उभी होती ती. भाभींनी मला बोलावलं. पडद्याआडून म्हणाल्या, "दत्ताभाऊ, तुमीच इका. तुमच्यावानी भाव कुणाला येणार न्हाय." मला हे काम आवडलं, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या गाडीतून काहीतरी निघणार होतं.

पहिला आला तो आमच्यातलाच, भंगारवाला. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यानं नजरेनं वजन केलं. मी असतो तर तेच केलं असतं, तोच आकडा सांगितला असता. पण त्यानं बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "शेट, हिच्यात हाय काय?" माझं डोकं फिरलं. मी त्याला या इंजिनात काय आहे ते सांगायला लागलो. तो निघून गेला तरी सांगतच होतो.

दुसरा हायवेवरचा हॉटेलवाला. त्याला गाडी चालवायची नव्हती. हॉटेलपुढं चौथरा बांधून त्याच्यावर गाडी ठेवायची आणि बॉनेटमध्ये माती भरून जास्वंद लावायची असा त्याचा बेत होता. मी असा भाव सांगितला की माझी मलाच शरम वाटली. तो हो म्हणाला. घासाघीस नाही, काही नाही. तिथंच विसार काढून माझ्यापुढं धरला. हमीद, माझ्या जन्मात इतका सोपा सौदा झाला नव्हता. घेणारा राजी, पैसा समोर, भाभींना गरज, पुतण्याला घाई. आणि माझा हात पुढं होईना. मी त्या माणसाकडं बघत उभा. तो म्हणाला, "शेट, अजून काय पायजे?" मी म्हणालो, गाडी विकायची नाही. का नाही, म्हणाला. मी म्हणालो, तुला नाही विकायची. तो म्हणाला, मग कुणाला? मी त्याला काय शिव्या दिल्या ते तुला सांगत नाही.

तो गेल्यावर मी पडद्याकडं तोंड करून म्हणालो, भाभी, त्यानं देऊ केलेला भाव मी देतो, रुपयाही कमी नाही. माझ्याच सौद्यात मी स्वतः सापडलो होतो.  पडद्याआड भाभी हसल्या. तू गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. बराच वेळ हसत होत्या, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी ओट्यावर बसून राहिलो.

गाडी आता माझ्या दुकानामागं आहे. याचा अर्थ तू बरोबर होतास असा नाही. घ्यायची होती ती मायनरच, हे मी मरेपर्यंत म्हणेन.

पण एक भानगड तू करून ठेवलीस. रमजानच्या आधी तू तिचा गिअरबॉक्स खोललास आणि तो बंद करायला आला नाहीस. सगळे तुकडे तू कुठं ठेवलेस तर खिळ्यांच्या लाकडी केसमध्ये, जिथं छपाईची अक्षरं ठेवायचास त्या खणांत. पुतण्यानं केस तशीच्या तशी आणून दिली. तुझा म्हातारा कंपोझिटर बोलावला. त्यानं चष्मा लावून बघितलं आणि प्रत्येक तुकडा कुठल्या अक्षराच्या घरात आहे ते बिनचूक सांगितलं. मोठा गिअर आकाराच्या मोठ्या कान्याच्या घरात, छोटे ळच्या घरात. कुठला कशानंतर बसतो, ते त्याला सांगता येईना. ते फक्त तुला ठाऊक होतं. मी आयुष्यभर गिअर विकले, हमीद. बसवला एकही नाही.

गेल्या रविवारी सकाळी बसलो. पान्यांची पिशवी भाभींनी दिली होती. चुकत, उघडत, शिव्या देत दिवस मावळायच्या आत सगळं आत घातलं, झाकण लावलं, बोल्ट आवळले. हात पुसला आणि बघतो तर केसमध्ये एक पातळ कडी राहिलेली. बोटात बसेल एवढी. मी तुझ्या नावानं असा ओरडलो की गिरणीवाला धावत आला. काय झालं म्हणाला. मी त्याला कडी दाखवली. त्याला काय कळणार?

झाकण परत काढलंय. सगळं गोणपाटावर मांडलंय आणि कडी हातात धरून बसलोय. पुढून घालून बघितली, मागून घालून बघितली. दोन्हीकडं बसते. आता बोल की, हमीद. एरवी नको तिथं बोलत होतास.